करार संपताना भाडेवाढ कशी कळवावी

मुंबईत राहते घर भाड्याने देताना बहुतेक घरमालक अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करतात आणि तो संपत आला की भाडेकरूला "पुढच्या महिन्यापासून दोन हजार वाढवून द्या" असे सांगून मोकळे होतात. आपण याला भाडेवाढ म्हणतो, कागदोपत्री मात्र जुना करार ठरल्या तारखेला संपतो आणि वाढीव रकमेचा नवा करार होतो किंवा होत नाही. त्यामुळे घरमालकाने पाठवायचे पत्र हा नव्या कराराचा प्रस्ताव असतो, आणि ते लिहितानाही याचे भान ठेवावे लागते.

सर्वप्रथम जुना करार कपाटातून काढून शांतपणे वाचावा. मुदत संपण्याआधी किती दिवस कळवायचे, याचे कलम त्यात असल्यास तेवढी मुदत पाळावी लागते. करार बावीस, तेहेतीस किंवा छत्तीस महिन्यांचा असेल, तर दर अकरा किंवा बारा महिन्यांनी होणारी वाढ बहुधा त्यातच लिहिलेली असते. अशा वेळी मुदतीच्या मध्यावर तिच्याहून जास्त रक्कम मागता येत नाही. पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी रक्कम देऊन जुन्या घरात राहणाऱ्या, भाडेकरूंना हे सारे लागू नाही. त्यांची वाढ महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे वर्षाला ४ टक्के होते आणि तो स्वतंत्र विषय आहे.

कलमात काहीही लिहिलेले नसले तरी दोन महिने आधी कळवणे योग्य. करार ३१ मे रोजी संपणार असेल, तर पत्र मार्चअखेरीस गेले पाहिजे. कारण भाडेकरूच्या घरात शाळेत जाणारी मुले असतील, तर जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी त्याला निर्णय घ्यावा लागतो, आणि भर पावसात टेम्पोवर ताडपत्री बांधून सामान हलवण्याची वेळ कोणावरही येऊ नये. मी स्वतः एकदा करार संपायला आठ दिवस उरले असताना व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवल्या होत्या. उत्तरादाखल अंगठा आला. मी तो होकार समजलो. एक तारखेला खात्यात जुनीच रक्कम जमा झाली, तेव्हा तो अंगठा "वाचले" एवढ्याच अर्थाचा होता हे कळले. करार तर संपलेला, नवा झालेला नाही आणि भाडेकरू घरात, असा महिना काढावा लागला. चूक माझीच होती.

रक्कम ठरवताना आपल्याच इमारतीत किंवा शेजारच्या सोसायटीत तेवढ्याच क्षेत्रफळाची घरे अलीकडे कितीला गेली, हे दोन-तीन ठिकाणी विचारावे. एजंट सांगतो तो आकडा अनेकदा मागणीचा असतो, प्रत्यक्ष ठरलेला नसतो. वाढीचे कारण म्हणून सोसायटीच्या बिगर-भोगवटा शुल्काकडे (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते त्या रकमेकडे) बोट दाखवू नये. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येते आणि भाडे वाढल्यामुळे वाढत नाही, हे पुष्कळ भाडेकरूंना ठाऊक असते. वेळेवर भाडे देणारा आणि घर नीट ठेवणारा माणूस हजार-दीड हजारासाठी गमावला, तर घर महिनाभर रिकामे राहून वर्षाची वाढ त्यातच जाते आणि वर नवी दलाली पडते, हेही मनाशी मांडून पाहावे.

पत्रात कारणांची लांबण नको. पुढील मजकूर पुरेसा आहे.

"स. न. वि. वि.

आपण राहत असलेल्या सदनिकेचा नोंदणीकृत करार ३१ मे रोजी संपत आहे. आपले वास्तव्य पुढेही राहावे अशी माझी इच्छा असून, त्यासाठी १ जूनपासून अकरा महिन्यांचा नवा करार करण्याचा प्रस्ताव देत आहे. नव्या करारात मासिक भाडे सध्याच्या ३२,००० रुपयांऐवजी ३४,००० रुपये राहील. १,००,००० रुपयांची अनामत आणि इतर अटी पूर्वीप्रमाणेच राहतील. आपला निर्णय कृपया ३० एप्रिलपर्यंत लेखी कळवावा. नवा करार करावयाचा नसल्यास सदनिकेचा ताबा ३१ मे रोजी द्यावा, म्हणजे अनामतीचा हिशेब त्याच दिवशी पूर्ण करता येईल.

कळावे."

पत्रावर तारीख, सदनिकेचा पूर्ण पत्ता आणि सही असावी. दोन प्रती काढून एक समक्ष द्यावी आणि दुसरीवर "मिळाले" असे लिहून तारखेसह सही घ्यावी. घरमालक दुसऱ्या गावी राहत असल्यास पोस्टाने पाठवून पोच घ्यावी आणि तेच पत्र ईमेलवरही टाकावे. व्हॉट्सॲपवर पत्राचा फोटो जरूर पाठवावा, फक्त त्यावरच विसंबू नये.

भाडेकरू घासाघीस करील, ती करू द्यावी. तो घराला रंग किंवा गिझर बदलून मागेल, आणि ते काम करून दिल्यास ३४,००० मान्य करील. किंवा काहीही न मागता ३३,०००वर तयार होईल. जे ठरेल ते दोघांनी लिहून ठेवावे आणि जुनी मुदत संपण्यापूर्वीच नवा करार नोंदवून घ्यावा. १९९९ च्या अधिनियमातील कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी घरमालकावर आहे; नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खरे धरले जाते, आणि घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खर्चाला घाबरण्याचे कारण नाही. एकूण भाडे आणि अनामतीवरील वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते. म्हणजे ३३,००० रुपयांप्रमाणे अकरा महिन्यांचे ३,६३,००० आणि लाखाच्या अनामतीवरचे सुमारे ९,१६७, मिळून ३,७२,१६७ रुपयांवर साधारण ९३० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे. शुल्क कोणी भरायचे, हेही आधीच ठरवावे. कराराची प्रत सोसायटीला द्यावी आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवावी.

उत्तर नकारार्थी आले, तर त्याच आठवड्यात घर दाखवण्याच्या वेळा भाडेकरूच्या सोयीने ठरवून घ्याव्यात. मुदत संपूनही कोणी घर सोडत नसेल, तर याच अधिनियमाच्या कलम २४ अन्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करता येतो आणि भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. परंतु पहिल्याच पत्रात याचा उल्लेख करून चांगला माणूस बिथरवू नये. वीज किंवा पाणी तोडणे, कुलूप बदलणे असले प्रकार तर कधीही करू नयेत. भाडेकरू शेवटच्या दिवशी निघाला, तर दोघांनी मिळून खोल्या पाहाव्यात, वीजमीटरच्या आकड्याचा फोटो काढावा, किल्ल्या मोजून घ्याव्यात आणि अनामत त्याच्यासमोरच ऑनलाइन परत करून पावती घ्यावी.