सीए इंटरच्या रिव्हिजनसाठी कोणतं अ‍ॅप? मी वापरलेली आणि सोडलेली

अँकी घेऊ की क्विझलेट (दोन्ही प्रश्न-उत्तराची कार्डं बनवायची अ‍ॅप्स), की नोशन या नोट्सच्या अ‍ॅपमध्येच सगळं ठेवू, हे सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेतल्या ज्युनियर मुली मला अजून विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. मी इंटरचे (सीएच्या फाउंडेशन, इंटर, फायनल या तीन परीक्षांपैकी मधली) दोन्ही ग्रुप सप्टेंबर २०२५ ला काढले. त्याच्या आधीच्या अटेम्प्टला टॅक्सेशनमध्ये ३८ आले होते आणि पहिला ग्रुप गेला, दुसऱ्याचं अ‍ॅग्रिगेट बसलं नाही. दोन्ही अटेम्प्टला सॉफ्टवेअर वापरत होते, फरक फक्त कोणतं आणि कसं एवढाच होता, म्हणून मला वाटतं माझं सांगणं कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

अगदीच नवीन असाल तर आधी परीक्षा समजून घ्या, कारण अ‍ॅप त्यावरून ठरतं. नवीन स्कीममध्ये इंटरला सहा पेपर, तीन-तीनचे दोन ग्रुप, प्रत्येक पेपर १०० चा, त्यात ३० मार्कांचे एमसीक्यू आणि ७० मार्कांचं लेखी. प्रत्येक पेपरला किमान ४० आणि ग्रुपची बेरीज ५० टक्के, दोन्ही पाहिजेत. म्हणजे एक पेपर ३८ वर अडकला की बाकीचे दोन कितीही चांगले गेले तरी ग्रुप जातो (त्यातल्या एखाद्यात ६० आले तर एक्झम्प्शन मिळतं, म्हणजे पुढच्या अटेम्प्टला तो पेपर परत द्यावा लागत नाही, तेवढाच दिलासा). आणि लॉ, ऑडिट, टॅक्स या तिघांत मुलं पडतात ती बहुतेक विषय कळला नाही म्हणून नाही, वाचलेलं वेळेवर आठवत नाही म्हणून. मटेरियल तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ती ओळख म्हणजे पाठ झालं असं वाटतं, पण पुस्तक मिटून कोणी विचारलं की तोंड उघडत नाही. विसरण्याचं गणित एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्येच मांडलं होतं, पहिल्या एक-दोन दिवसांत सगळ्यात जास्त गळतं आणि मग गळती हळू होते. म्हणून जे अ‍ॅप तुम्हाला प्रश्न विचारतं आणि विसरायच्या बेताला आलात की परत विचारतं, तेच रिव्हिजनचं अ‍ॅप. बाकीची नोट्स ठेवायची कपाटं आहेत.

नोशन त्या अर्थाने कपाट आहे. मी दोन महिने घालवले त्यात, टॉगल उघडला की उत्तर दिसतं अशी पानं बनवली, रंग दिले, दिसायला फार छान झालं. पण कोणतं पान आज उघडायचं हे ते स्वतःहून सांगत नाही, तुम्हीच ठरवता, आणि माणूस जे येतं तेच उघडतो. माझी अकाउंट्सची पानं वीस वेळा बघून झाली आणि ऑडिटची तीनदा. आमच्याच टेबलावर फायनल करणारी एक ताई बसायची, तिने एकदा बघितलं आणि म्हणाली, "अगं, तू अभ्यास करतेस की वही सजवतेस?" मी म्हटलं, "ताई, नोट्स नीट असल्या की शेवटी पटपट होतं ना." तर ती म्हणाली, "शेवटी दीड दिवस असतो एका पेपरला. त्यात तू ही दीडशे पानं उघडणार?" त्या रात्री झोप लागली नाही मला.

क्विझलेट सोपं आहे हे मान्यच करावं लागेल. अँड्र्यू सदरलंड नावाच्या मुलाने शाळेत असताना २००५ मध्ये स्वतःच्या अभ्यासासाठी बनवलेलं आहे ते, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत जमतं, फोनवरून कार्डांचा सेट बनवा, लिंक ग्रुपवर टाका, सगळ्या मैत्रिणी एकाच सेटवर. फाउंडेशनच्या व्याख्या किंवा एसएचे (ऑडिटच्या स्टँडर्ड्सचे) नंबर, म्हणजे ५०० ऑडिट एव्हिडन्स, ५०५ बाहेरून घेतलेलं कन्फर्मेशन, ५३० सॅम्पलिंग, ५७० गोइंग कन्सर्न, असल्या जोड्या लावायला मला ते आवडलं. आठ दिवसांवर क्लासची टेस्ट असेल तर बिनधास्त वापरा. सहा-आठ महिन्यांच्या अभ्यासाला मात्र मला पुरलं नाही, प्रत्येक कार्डाची वेगळी तारीख धरून चालणं हा त्याचा मूळ स्वभाव नाही, आणि चांगल्या सोयींपैकी बऱ्याच पैसे भरल्यावर मिळतात. रेमनोटमध्ये नोट्स लिहिता लिहिता त्याच ओळीचं कार्ड होतं, ज्यांना लांबलचक नोट्स काढायची सवय आहे त्यांना ते मानवेल, मला मात्र नोशनचीच सवय परत लागेल अशी भीती वाटली म्हणून पंधरा दिवसांत सोडलं.

शेवटी थांबले अँकीवर. अँकी म्हणजे जपानीत पाठ करणं, डेमियन एल्म्सने २००६ मध्ये काढलं, आणि त्याचं जुनं गणित प्योत्र वोझ्नियाक या पोलंडच्या माणसाच्या १९८७ च्या पद्धतीवरून घेतलेलं. २०२३ च्या २३.१० व्हर्जनपासून त्यात एफएसआरएस नावाचं नवीन गणित आलंय, सेटिंगमध्ये जाऊन चालू करा, तुमच्या स्वतःच्या चुकांवरून ते तारखा ठरवतं. कॉम्प्युटरवर फुकट, अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड फुकट, आयफोनचं मात्र एकदाच सुमारे २५ डॉलर भरून घ्यावं लागतं, नाहीतर ब्राउझरमधून अँकीवेब वापरा. नावात अँकी असलेली दुसरी अ‍ॅप्सही स्टोअरवर दिसतात, बनवणाऱ्याचं नाव बघूनच डाउनलोड करा. अँकीचं अ‍ॅप नेट नसलं तरी चालतं. दिसायला रुक्ष आहे आणि पहिला आठवडा कंटाळा येतो, तेवढा काढा.

पण मी अँकीवर का थांबले याचं खरं कारण तारखांचं गणित नाही, ते मला फार उशिरा कळलं. डॉक्टरकीची मुलं अँकी वापरतात, त्यांचं हाडांचं नाव दरवर्षी बदलत नाही. आपला कायदा बदलतो. २३ जुलै २०२४ पासून लिस्टेड शेअर विकून झालेल्या शॉर्ट टर्म नफ्याचा (कॅपिटल गेनचा) टॅक्स रेट १५ वरून २० टक्के झाला, लाँग टर्मचा १० वरून १२.५ आणि त्याच आर्थिक वर्षापासून लाँग टर्मची सूट १ लाखावरून १.२५ लाख. माझ्याकडे आदल्या अटेम्प्टची पक्की झालेली कार्डं होती, चार-चार महिन्यांनी येणारी, आणि ती मला अगदी आत्मविश्वासाने १५ टक्के पाठ करून देत होती. मॉकला मी तेच लिहून आले. सर्वात चांगलं पाठ झालेलं उत्तरच चुकीचं निघालं, तेव्हा कळलं की अ‍ॅप निवडताना पहिला प्रश्न हा विचारायचा, जुनं कार्ड शोधून दुरुस्त करायला मला किती वेळ लागेल?

अँकीत त्याचं उत्तर ब्राउझची खिडकी. प्रत्येक कार्डाला टॅग लावायचा, मी आता तीन लावते, विषय, चॅप्टर आणि कोणत्या फायनान्स अ‍ॅक्टप्रमाणे (बजेटबरोबर दरवर्षी येणारा कायदा) आहे ते. अमेंडमेंट आली की त्या टॅगने शोधायचं, सगळी कार्डं एका यादीत येतात, जी मेली ती सस्पेंड, जी बदलली ती तिथेच दुरुस्त, एकसारखा बदल असेल तर फाइंड अँड रिप्लेस. माझी कॅपिटल गेनची चाळीसेक कार्डं एका संध्याकाळी झाली. आणि दुरुस्त केलेला डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, परत एक्सपोर्ट करून मैत्रिणीला दिला तर तिच्याकडची नोट अपडेट होते, तिच्या रिव्हिजनच्या तारखा तशाच राहतात. क्विझलेटवर कोणी तुमच्या सेटची कॉपी केली असेल तर तुमची दुरुस्ती तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणूनच ओळखीपाळखीतून आलेला तयार डेक मी कोणालाच घ्या म्हणत नाही, कोणत्या वर्षीचा कायदा आहे हे त्यावर लिहिलेलं नसतं.

कार्ड कसं बनवायचं हे अ‍ॅपपेक्षा महत्त्वाचं आहे. "कंपनी कायद्याचं कलम १३९ सांगा" हे कार्ड नाही, तो निबंध झाला. एका कार्डात एकच गोष्ट. पहिला ऑडिटर बोर्डाने रजिस्ट्रेशनपासून किती दिवसांत नेमायचा? ३०. बोर्डाने नेमला नाही तर? सदस्यांनी ईजीएममध्ये (विशेष सभेत), ९० दिवसांत. सरकारी कंपनी असेल तर? कॅग, ६० दिवस. ही तीन वेगळी कार्डं. आणि ज्या दोन गोष्टींची गल्लत होते त्यांचं मुद्दाम एक वेगळं कार्ड, जसं की एजीएमनंतर (वार्षिक सभेनंतर) फायनान्शियल स्टेटमेंट ३० दिवसांत आणि अ‍ॅन्युअल रिटर्न ६० दिवसांत, कोणतं कोणाचं? माझे लॉचे एमसीक्यू सुधारले ते या गल्लतीच्या कार्डांनी. अकाउंट्स आणि कॉस्टिंगची गणितं कार्डावर घालू नका, वाया जातं. गणित चुकलं तर त्या चुकीचं कार्ड करा, पुढे आरटीपीतला (इन्स्टिट्यूटच्या रिव्हिजन टेस्ट पेपरमधला) प्रश्न नंबर आणि "इथे कोणती पायरी सुटली?", मागे ती पायरी.

"हार्ड" बटणाबद्दल एक सांगते कारण सगळे तिथे चुकतात. उत्तर आठवलं नाही तर "अगेन" दाबायचं, मन दुखलं तरी. हार्ड म्हणजे आठवलं पण जोर लावावा लागला. न आठवता हार्ड दाबलं की अँकी समजतं तुम्हाला आलं, आणि पुढचं सगळं गणित बिघडतं.

रोज नवीन २० कार्डं ही अँकीची ठेवलेली सेटिंग आहे, मी सुरुवातीला उत्साहात ५० केली आणि तीन आठवड्यांत रोजची रिव्हिजन तीनशेच्या वर गेली, मग दोन दिवस चुकले की डोंगर. १५ ते २० वरच राहा. परीक्षेच्या आधीचे सहा आठवडे नवीन कार्ड शून्य. आणि पुण्यात असाल तर सप्टेंबरच्या अटेम्प्टला कॅलेंडर बघून प्लॅन करा. २०२५ ला परीक्षा ऐन गणपतीत सुरू झाली, जुलैपासून संध्याकाळी ढोलपथकांचा सराव आणि नंतर पेठेत रस्ते बंद, अभ्यासिकेला पोचायलाच तास. मी तेव्हा कार्डं सकाळी सहाला उरकायचे आणि लेखी सराव मावशीकडे कोथरूडला बसून. पेपरच्या आधीच्या दीड दिवसात मात्र अँकीच्या तारखा पाळू नका, फिल्टर्ड डेक (निवडक कार्डांचा तात्पुरता गठ्ठा) करून फक्त चुकल्यावर "चूक" टॅग लावलेली कार्डं काढा, माझी लॉची दोनशे दहा होती, अडीच तासांत झाली.

७० मार्क मात्र हातानेच लिहायचे असतात. कार्डावर "६० दिवस" आठवणं वेगळं आणि तरतूद, प्रश्नातली परिस्थिती, निष्कर्ष असं तीन परिच्छेदांत मांडणं वेगळं. मी रोज पाच कार्डं निवडून त्यावर कागदावर पूर्ण उत्तर लिहायचे, एमटीपीच्या (इन्स्टिट्यूटच्या मॉक टेस्ट पेपरच्या) उत्तरांशी ताडून. टॅक्समध्ये ३८ चे ५९ झाले, त्यातला निम्मा वाटा मी या कागदांना देईन.

आता आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची सक्तीची उमेदवारी) आहे, वनाजवरून मेट्रोत बसते आणि कल्याणीनगरपर्यंत फायनलसाठी इंटरची जुनी कार्डं जिवंत ठेवते. सध्या मोठं काम टॅक्सचंच आहे. १ एप्रिल २०२६ पासून इन्कम टॅक्स अ‍ॅक्ट २०२५ लागू, ५३६ कलमं, नंबर बहुतेक बदललेले, प्रीव्हियस इयर आणि असेसमेंट इयर जाऊन टॅक्स इयर आलंय. तुम्ही आज कार्डं बनवायला बसत असाल तर तुमच्या अटेम्प्टला कोणता कायदा लागू आहे हे आधी इन्स्टिट्यूटच्या (आयसीएआय) साइटवर बघा, आणि पहिल्याच कार्डाला "कायदा-१९६१" किंवा "कायदा-२०२५" टॅग लावा. मी ते तेव्हा केलं नव्हतं, त्यामुळे आता सहाशे कार्डं एकेक उघडून बघतेय, रोज नळस्टॉप ते बंडगार्डन एवढ्या वेळात पंचवीस होतात.