लहान मुलांचं चित्रपुस्तक घेताना या चुका टाळा

काही लोक चित्रपुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचं पान उघडतात. तात्पर्य आहे ना? मग द्या बांधून. तीन वर्षांच्या पोराला फक्त उंदीर बादलीत पडला की नाही, एवढंच हवं असतं. शिस्त लावायला घरात माणसं आहेत.

दुसरी चूक मीही केली आहे: मोठ्याने न वाचता पुस्तक घेणं. भाचीसाठी एकदा मुखपृष्ठावर भाळून दोन मिनिटांत पुस्तक उचललं. चित्रं झकास, पण यमक जुळवण्याच्या नादात ओळी अशा वाकवलेल्या की चौथ्या पानावर जीभ अडखळायचीच. भाची रोज रात्री तेच घेऊन मांडीत बसायची. मी ती ओळ मनानेच सुधारून म्हटली, तर लगेच, "मामा, असं नाहीये!" वाचता येत नव्हतं, पण शब्द न् शब्द पाठ. महिनाभर ती ओळ मुकाट्याने म्हटली. तेव्हापासून दुकानात उभ्या उभ्या चार पानं मोठ्याने वाचतो. लोक बघतात, बघू देत.

मग तळहाताने मजकूर झाकून नुसती चित्रं पाहतो. मजकुरात मांजर झोपलं आणि चित्रातही ते नुसतं झोपलेलंच असेल, तर पुस्तक परत फळीवर. पलंगाखाली तीन उंदीर त्याच्या शेपटीला घुंगरू बांधत असतील, तर ते पोराला आपल्या आधी दिसतात. चित्रपुस्तक बहुधा 32 पानांचं असतं. तेवढ्यात एकच गोष्ट दोनदा कशाला सांगायची? 'दाराआड कोण होतं?' याचं उत्तर पान उलटल्यावर मिळावं. समोरच्याच पानावर दिसलं की फुसका बार.

वाढत्या अंगाचं घेणं कपड्यांना ठीक, पुस्तकांना नाही.

दीड वर्षाच्या हातात उघडताच उभी राहणारी कागदी चित्रं दिलीत तर ती फाटणारच, आणि वर ओरडा पोरालाच. त्या वयाला जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची पानं बरी. ती चघळलीही जातात.

आवाज करणारं पुस्तक असेल तर बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद आहे का बघाच. गिळलेली बटण बॅटरी दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

आणि पहिल्या रात्री पोरगं मधेच उठून गेलं म्हणून लगेच पुस्तकाला नावं ठेवू नका. हाताला लागेल असं खाली ठेवा आणि चार दिवस गप्प बसा.