नवरा नाइटला, बाळ वाटेवर

नवऱ्याच्या हॉस्पिटलमधल्या पोस्टिंगचं वेळापत्रक हातात आलं की नाइट ड्युट्यांवर कॅलेंडरमध्ये लाल खूण करा, शेजारीच तुमच्या तपासणीच्या तारखा लिहा. ३७ आठवड्यांनंतर त्या लाल रात्री सोबतीला कोण झोपणार, गाडी कोण काढणार, हे वाडीतल्या माणसांशी आधीच बोला. वॉर्डात त्याला फोन घेता येईलच असं नाही. म्हणून अंगावरून पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर त्याची वाट बघू नका, थेट १०८ लावा. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या पावसात वीज आणि रेंज एकदमच जातात. पॉवर बँक भरलेली हवी, फाइल प्लास्टिकच्या पिशवीत. नाइट करून आलेल्याला दारातच प्रश्न नकोत. गरम पेज, लोणचं आणि झोप. बाळाचं बोलणं संध्याकाळी करा, तेव्हा तो नीट ऐकतो.