मुक्त पतन शिकवताना या चुका टाळा

बी.एड.च्या सराव पाठांना मागच्या बाकावर बसून टाचणवह्या तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. पाठाच्या डोक्यावर ‘ज्ञानरचनावादी’ (म्हणजे मुलं ज्ञान स्वतः रचतील असा) लिहिलेलं असतं आणि खाली हेतुकथनातच, म्हणजे आज काय करणार ते सांगणाऱ्या वाक्यातच, निकाल फोडलेला असतो: ‘आज आपण सर्व वस्तू सारख्याच त्वरणाने खाली पडतात हे प्रयोगाने पाहणार आहोत.’ मग मुलांनी शोधायचं काय? हेतुकथन प्रश्नाचंच असू द्या. ‘जड वस्तू आधी पडते का, ते बघू या,’ एवढं पुरतं.

पण ज्या चुकीने मला सगळ्यात जास्त त्रास होतो ती वेगळी आहे. मुलांच्या डोळ्यांना दिसलेलं आपण खोटं ठरवतो.

एका शाळेत छात्राध्यापिकेने दहावीचा वर्ग मैदानात आणला होता. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून तिच्या सहकाऱ्याने क्रिकेटचा चेंडू आणि टेबल टेनिसचा चेंडू एकदम सोडले. क्रिकेटचा चेंडू आपटला तेव्हा दुसरा चांगला मीटरभर वर होता. दोन आवाज सुटे सुटे ऐकू आले. तिने विचारलं, ‘दोन्ही एकदमच पडले ना?’ अख्खा वर्ग म्हणाला, ‘हो बाई.’ एक मुलगी तेवढी हळूच म्हणाली, ‘बाई, पांढरा मागं राहिला.’ तिला उत्तर मिळालं, ‘तू नीट बघितलं नाहीस.’ मी तिच्या शेजारीच उभी होते. तिने वहीत ‘पांढरा नंतर’ लिहिलं होतं, ते खोडलं आणि ‘एकाच वेळी’ असं लिहिलं.

नंतर मी छात्राध्यापिकेला विचारलं, तर म्हणाली, ‘मॅडम, पुस्तकात तसंच आहे. पाठ फसला असता ना.’ पुस्तकात तसं नाही. दहावीच्या पहिल्याच धड्यात, गुरुत्वाकर्षणात, मुक्त पतन म्हणजे फक्त गुरुत्वीय बलाखालची गती, असंच सांगितलंय. गॅलरी आणि जमिनीच्या मधे हवा होती. टेबल टेनिसच्या चेंडूचं वस्तुमान 2.7 ग्रॅम, क्रिकेटच्या चेंडूचं साधारण 160. हलक्या चेंडूला त्याच्या वजनाच्या मानाने हवेचा रोध कितीतरी जास्त जाणवतो, म्हणून तो मागे पडतो. त्या मुलीचं वाक्य फळ्यावर लिहून पाठ तिथून पुढे न्यायला हवा होता.

मी स्वतः गॅलरीत जातच नाही. एक जाड पुस्तक आणि त्याहून थोडा लहान कागद घेते. आधी प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा, पेनाने. नंतर खाडाखोड चालणार नाही. मग दोन्ही शेजारी शेजारी सोडते. कागद तरंगत येतो. मग कागद पुस्तकावर सपाट ठेवते, कडा बाहेर येऊ न देता, आणि पुस्तक सोडते. दोन्ही बरोबर पडतात. इथे कुणीतरी म्हणतंच, ‘पुस्तकाने कागद ओढून नेला.’ शंका चांगली आहे, दाबू नका. ‘मग ते कसं तपासाल?’ असं विचारा आणि गप्प बसा. कागदाचा घट्ट बोळा करून तो पुस्तकाशेजारी सोडायचं मुलांनाच सुचतं. ‘हवा’ हा शब्द त्यांच्या तोंडून यायला वीस मिनिटं लागतात. ती द्यायलाच हवीत. घाईत असलेले छात्राध्यापक तो शब्द पहिल्या दोन मिनिटांत स्वतःच सांगून मोकळे होतात. 1971 साली अपोलो 15 मोहिमेच्या अंतराळवीर डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं, तो व्हिडिओ सगळे पाठाच्या सुरुवातीला लावतात. तो शेवटी लावा. कागदाच्या बोळ्याशी झटापट केलेल्या मुलांना त्यात काय बघायचं ते कळतं.

किरकोळ चुका पटकन सांगते. ‘पहिल्या सेकंदात वस्तू 9.8 मीटर पडते’ हे चूक; ती 4.9 मीटर पडते, 9.8 मीटर प्रतिसेकंद हा सेकंदाअखेरचा वेग. वर फेकलेल्या चेंडूचा टोकाला वेग शून्य असतो, त्वरण नाही. त्वरणही शून्य असतं तर चेंडू तिथेच राहिला असता. इटलीतल्या पिसा शहराच्या झुकत्या मनोऱ्यावरून गॅलिलिओने वस्तू सोडल्याची गोष्ट त्याच्या शिष्याने लिहिली आहे, ती सिद्ध इतिहास म्हणून सांगू नका. 1638 च्या ग्रंथात गॅलिलिओने उतरणीवरच्या गोळ्याचे प्रयोग दिलेत, ते सांगा. आणि उतरणीवर गोटी सोडून 9.8 काढायला जाऊ नका, गोटी घरंगळते, त्यामुळे तिचं त्वरण घसरणाऱ्या वस्तूपेक्षा कमी भरतं.

दुसरी मोठी चूक स्टॉपवॉचची. टेबलावरून वस्तू सोडायची, वेळ मोजायची आणि g, म्हणजे गुरुत्वीय त्वरण (सुमारे 9.8), काढायचा. एक मीटर पडायला 0.45 सेकंद लागतात, आणि बटण दाबायला आपल्या हातालाच 0.2 सेकंदाच्या आसपास जातात. तरी तपासायला आलेल्या प्रत्येक वहीत 9.79, 9.8, 9.81. हे आकडे उत्तरावरून मागे जाऊन भरलेले असतात. उद्याचा शिक्षकच असं करत असेल, तर त्याच्या वर्गातली मुलं काय शिकणार? असा तक्ता आला की मी अख्खा खोडते आणि प्रयोग पुन्हा करायला लावते. 6.7 आलं तरी चालेल, ते का आलं ते लिहा.

त्वरण जाणवून द्यायचं असेल तर घड्याळ बाजूला ठेवा. दोन-दोन मीटरच्या दोन सुतळ्या आणि दहा नट आणा. एका सुतळीला 0, 40, 80, 120, 160 सेंटीमीटरवर नट बांधा. दुसरीला 0, 10, 40, 90, 160 वर. स्टुलावर उभं राहून पहिली सुतळी ताठ धरा, खालचा, म्हणजे 0 वरचा, नट परातीला टेकलेला, आणि सोडा. टक्, टक्-टक्‌टक्: आवाज जवळ जवळ येत जातात. दुसरी सोडा. टक्, टक्, टक्, टक्, सारख्या अंतराने. वर्ग लगेच म्हणतो, ‘पुन्हा!’ पुन्हा सोडा, पण अंतरं सांगू नका. पट्टी मुलांच्या हातात द्या, 1, 4, 9, 16 त्यांनाच सापडू द्या. परात उपडी ठेवा, आवाज मागच्या बाकापर्यंत जातो.