बर्फाचा बाक गणितात कसा पकडायचा

जळगावच्या मे महिन्यात लादी डोळ्यांदेखत वितळते, म्हणून मी बर्फाची पट्टी डीप फ्रीजरमध्ये, उणे १० अंशांवर, दोन ठोकळ्यांवर आडवी ठेवतो. मधोमध वजन टांगायचं, रोज झोळ मोजायचा.

सुरुवात भौतिकशास्त्रज्ञ जॉन ग्लेनच्या १९५५च्या नियमापासून करा: विकृतीचा दर (आकार बदलण्याचा वेग) प्रतिबलाच्या (दर क्षेत्रफळामागच्या बलाच्या) साधारण तिसऱ्या घातात वाढतो. वजन दुप्पट, तर वेग आठपट! पण हे स्थिर भाराचं झालं. वजन काढलं की पट्टी थोडी लगेच, थोडी सावकाश माघारी येते. उरलेला बाक कायमचा. ती माघार पकडायला गणिती मॉडेलमध्ये स्प्रिंगही घाला. भार बदलल्यावर आकडेमोडीतला वेळेचा टप्पा बारीक ठेवा. मी तासाचा ठेवला आणि सुरुवातीचा जलद झोळच हुकला.

वीज गेली तर तापमान टिपाच. शून्याजवळ तोच बर्फ सुमारे सातपट वेगानं वाहतो.