डोस चुकलेले बाळ सत्राला आले, तर आज नेमके काय द्यावे?

ऊसतोडीला गेलेली कुटुंबे, वीटभट्टीवरचे मजूर, बाळंतपणानंतर माहेर-सासर करणाऱ्या लेकी यांच्या मुलांचे डोस हमखास मागे पडतात. अशी आई लसीकरण सत्राला आली की सिस्टरपुढे दोन प्रश्न असतात. मागचे डोस पुन्हा द्यायचे का? आणि आज काय द्यायचे?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे: नाही. दिलेला डोस कितीही जुना असो, तो धरायचाच. दोन डोसांमध्ये अंतर जास्त पडले तर मालिका जिथे थांबली तिथून पुढे न्यायची. अंतर कमी पडले तर मात्र दुसऱ्या डोसाचा पुरेसा उपयोग होत नाही. म्हणून पोलिओचे थेंब, पेंटा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब यांची एकत्र लस) आणि रोटा (रोटाव्हायरसच्या जुलाबांवरची लस) यांत त्याच लसीच्या दोन डोसांमध्ये किमान ४ आठवडे, पीसीव्हीत (न्यूमोकोकस जंतूवरची लस) ८ आठवडे जाऊ द्यावेत.

आधी नोंद शोधा

माता-बाल संरक्षण कार्ड असेल तर तारखा स्वतः वाचाव्यात, आईच्या ‘सगळ्या सुया झाल्या’ यावर थांबू नये. कार्ड हरवले असेल तर नोंदवही, कार्डाची केंद्राकडे राहिलेली प्रत आणि मोबाइल क्रमांकावरून यू-विन (लसीकरणाची सरकारी ऑनलाइन नोंद) पाहावे. तिथेही काही नसेल तर आईला नेमके विचारावे: जन्मल्या दवाखान्यात सुई दिली होती का, मांडीत किती वेळा टोचले, दंडात कधी? डाव्या दंडावर व्रण दिसला तर बीसीजी (क्षयरोगाची लस) झालेली आहे. पण बीसीजीची नोंद आहे आणि व्रण नाही, म्हणून ती पुन्हा देऊ नये. इतर लसींचा काहीच पत्ता लागला नाही, तर डोस झालेला नाही असे धरून चालावे. एखादा जास्तीचा डोस गेल्याने धोका नाही, न गेल्याने आहे.

वयाच्या मर्यादा लक्षात ठेवा

बीसीजी १ वर्षापर्यंत. हिपॅटायटिस बीचा जन्मडोस २४ तासांच्या आत. पेंटा, रोटा आणि पीसीव्ही यांचा पहिला डोस १ वर्षाच्या आत सुरू झालेला असावा. तसा तो झाला असेल तर उरलेले डोस वर्षानंतरही पूर्ण करावेत. पोलिओचे थेंब आणि एमआर (गोवर-रुबेलाची लस) ५ वर्षांपर्यंत, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची लस) ७ वर्षांपर्यंत.

आता १८ महिन्यांचे बाळ घ्या, एकही लस न मिळालेले. बीसीजी आणि पेंटाची वेळ गेली. आज पोलिओचे थेंब, डीपीटी १, एमआर १ आणि जीवनसत्त्व अ २ मिली, म्हणजे २ लाख युनिट. जपानी मेंदूज्वराची लस दिली जाते अशा जिल्ह्यात तीही आजच. ४ आठवड्यांनी थेंब, डीपीटी २ आणि एमआर २. आणखी ४ आठवड्यांनी थेंब आणि डीपीटी ३. त्यानंतर किमान ६ महिन्यांनी डीपीटीचा बूस्टर. याच बाळाला दीड महिन्यांचे असताना पेंटा १ मिळाली असती, तर आज डीपीटी नव्हे, पेंटा २ द्यायची. चूक इथेच जास्त होते.

एका बाळासाठी व्हायल (लसीची कुपी) फोडायची का?

फोडायचीच. बीसीजी किंवा एमआरच्या व्हायलमधले उरलेले डोस वाया जातील म्हणून ‘पुढच्या वेळी या’ सांगितलेली आई अनेकदा येतच नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीत, भिवंडीत आणि मालेगावात गोवर पसरला, तेव्हा लस राहून गेलेल्या मुलांचा प्रश्न ठळकपणे समोर आला. वाया गेलेले डोस हिशेबात बसवता येतात.

एमआर किंवा बीसीजी डायल्युएंटमध्ये (लस विरघळवायच्या द्रवात) मिसळल्यावर व्हायलवर वेळ लिहावी आणि ४ तासांनी, किंवा सत्र त्याआधी संपले तर तेव्हा, ती फेकावी. या लसींत जंतू मारणारे संरक्षक द्रव्य नसते. उघडी राहिली तर तीत जंतू वाढतात आणि त्यांच्या विषाने बाळ काही तासांत दगावू शकते. डायल्युएंट त्या-त्या लसीचेच हवे आणि २ ते ८ अंशांवर थंड केलेले. पेंटा, डीपीटी, पीसीव्ही यांची उघडलेली व्हायल मात्र नीट साठवली, मुदत शिल्लक असली आणि व्हीव्हीएम (लसीला उष्णता लागली का हे दाखवणारी व्हायलवरची खूण) ठीक असले तर २८ दिवस चालते. व्हीव्हीएमचा आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका हवा; सारखा किंवा गडद झाला की व्हायल बाद.

उन्हाळ्यात सगळे उष्णतेला घाबरतात, पण पेंटा, डीपीटी आणि पीसीव्हीचा खरा शत्रू बर्फ आहे. गोठलेली लस वितळली तरी निकामीच, आणि व्हीव्हीएम ते दाखवत नाही. म्हणून आइसपॅक फ्रीझरमधून काढून थेट कॅरियरमध्ये (लस नेण्याच्या थंड पेटीत) घालू नयेत. पृष्ठभागावर घाम सुटून हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला, की मगच चार पॅक भरावेत.

टोचताना आणि नंतर

आधी तोंडाने द्यायच्या लसी, मग सुया. पेंटा किंवा डीपीटी डाव्या मांडीच्या बाहेरच्या मध्यभागात, सुई ९० अंशांत. पीसीव्ही उजव्या मांडीत. एमआर उजव्या दंडात, ४५ अंशांत, कातडीखाली. ढुंगणावर कधीच नाही: तिथे चरबी जास्त आणि पायाची मोठी नसही. एकाच मांडीत किंवा दंडात दोन सुया आल्या तर १ इंच अंतर ठेवावे. टोचलेली जागा चोळू नये. सुई टोपण न लावता लगेच हब कटरमध्ये कापावी.

साधी सर्दी, बारीक ताप, जुलाब किंवा कुपोषण यांमुळे बाळाला परत पाठवू नये. आधीच्या डोसानंतर तीव्र ॲलर्जी झाली असेल तर ती लस थांबवून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवावे. डोसानंतर अर्धा तास बसवून घ्यावे. ॲड्रिनॅलिनची (तीव्र ॲलर्जीवरचे तातडीचे इंजेक्शन) मुदत सत्र सुरू होण्यापूर्वीच पाहिलेली असावी.

आईला चार गोष्टी सांगायच्या: आज कोणत्या लसी दिल्या, त्या कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि पुढे कधी यायचे. एमआरनंतर ७ ते १२ दिवसांनी ताप किंवा पुरळ येऊ शकते, हे आधीच सांगितले नाही तर ती घाबरते आणि पुढच्या डोसाला येत नाही. तारीख बोलून नव्हे, कार्डावर लिहून द्यावी. कुटुंब स्थलांतर करणार असेल तर कार्डाचा फोटो तिच्याच फोनवर काढून द्यावा आणि यू-विनची नोंद तिच्या हातात कार्ड देण्यापूर्वी पूर्ण करावी.