शुक्राणूंतील आरएनए: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

शुक्राणू डीएनएसोबत आरएनएही अंड्यात पोहोचवतो, हे 2004 मध्ये दाखवले गेले. 2016 मध्ये जास्त चरबीचा आहार दिलेल्या नर उंदरांच्या शुक्राणूंतील टीआरएनएचे (प्रथिने बनताना अमिनो आम्ले आणून देणाऱ्या आरएनएचे) तुकडे फलित अंड्यात सोडले, तेव्हा पिल्लांच्या चयापचयात बिघाड दिसला. एवढे आपण वाचलेलेच असेल. मीही तेवढ्याच शिदोरीवर आर्वी तालुक्यातील गवळाऊ वळूंचे ताजे रेत घेऊन कामाला लागलो आणि पहिले आठ महिने वाया गेले.

आरएनए लांबीनुसार वेगळा करणाऱ्या जेलवर 28एस आणि 18एस या रायबोसोमच्या आरएनएच्या दोन ठळक पट्ट्या उमटल्या, त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही. इतर ऊतींमध्ये ही उत्तम आरएनएची खूण मानतात. शुक्राणूंच्या बाबतीत मात्र तीच धोक्याची खूण आहे, कारण परिपक्व शुक्राणूतील रायबोसोमचा आरएनए तुटलेला असतो. त्या पट्ट्या रेतात मिसळलेल्या पांढऱ्या पेशींच्या आणि आवरणपेशींच्या होत्या. शरीरातील साध्या पेशीत साधारणपणे 10 ते 30 पिकोग्रॅम आरएनए असतो, तर शुक्राणूत त्याच्या शेकडो पटींनी कमी. म्हणून शंभरात एखादी परकी पेशी राहिली तरी हाती येणारे उत्तर तिचेच असते. त्यात शुक्राणूचे डोके डायसल्फाइड बंधांनी इतके घट्ट आवळलेले असते की डीटीटीसारखे, हे बंध तोडणारे क्षपणक घातल्याशिवाय ते नीट उघडतच नाही. मी ते घातले नव्हते. म्हणजे परक्या पेशी फुटत होत्या आणि शुक्राणू जवळजवळ तसेच राहत होते.

म्हणून आधी परक्या पेशी फोडण्यासाठी 0.1 टक्का एसडीएस आणि 0.5 टक्के ट्रायटन एक्स-100 या अपमार्जकांच्या द्रावणात नमुना बर्फावर ठेवा, धुवा, आणि प्रत्येक वेळी सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहा. त्यानंतर पांढऱ्या पेशींची खूण असलेल्या सीडी45 जनुकाची चाचणी करा; ती नकारात्मक यायला हवी. तयार किटच्या पत्रकावर विसंबून ही पायरी गाळू नका. जो मार्गदर्शक केवळ आरएनएच्या लांबीचा आलेख पाहतो आणि काचपट्टी मागत नाही, त्याच्या हाताखाली हा विषय घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

गावाकडे मूल नसलेली जोडपी शुक्राणूंतील आरएनएच्या तपासणीबद्दल आशेने विचारतात, तेव्हा ही अजून नित्याची तपासणी नाही, हे स्पष्ट सांगा.

आरएनए अगदी थोडा मिळाला तर घाबरू नका; तो थोडाच असतो. नवव्या महिन्यात माझ्या आलेखावरून 28एस आणि 18एसची दोन्ही शिखरे नाहीशी झाली आणि लहान तुकड्यांचा एकच उंचवटा उरला. तोच नमुना आम्ही क्रमनिर्धारणासाठी पाठवला.